थापी पुढं ठेवली तेव्हा

गल्लीत पुन्हा वाळूचा ढीग पडला आहे. म्हणजे उन्हाळा आला. कॅलेंडर काय म्हणायचं ते म्हणो, आमच्या छत्रपती संभाजीनगरात उन्हाळा वाळूवरून ओळखायचा. आधी ढीग येतो, मग त्या ढिगावर हक्क सांगणारी मांजरं येतात, मग विटांचा ट्रॅक्टर येऊन कुणाच्या तरी दारातली रांगोळी पुसून जातो आणि त्यावरून भांडण होतं. नव्या खांबांना पोती गुंडाळलेली दिसू लागतात. भिजलेल्या गोणपाटाचा आणि ओल्या सिमेंटचा तो वास आला की माझं मन हळवं होतं. बायको म्हणते, "लोकांना मोगऱ्यानं होतं असं काहीतरी. तुम्हाला सिमेंटनं होतं." होतं खरं. ज्या शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्याच शहरात माणसं टँकर मागवून भिंतींना पाणी पाजतात, हे पाहिलं की मला या शहराचा अभिमानच वाटतो. हट्टी शहर आहे. आणि हट्टाची गोष्ट निघाली की मला तो उन्हाळा आठवतो, ज्यात माझ्या वहिनीनं नाक्यावर स्वतःची थापी पुढं ठेवली.

क्रांती चौकापासून थोडं पुढं गेलं की एका कोपऱ्यावर सकाळी कामगारांचा नाका भरतो. ज्याला घर बांधायचंय, दुरुस्त करायचंय, तो तिथं येतो आणि दिवसाच्या बोलीवर माणूस घेऊन जातो. मी तिथं इतक्या सकाळी काढल्यात की मला तिथले कायदे पाठ झालेत. लिहिलेले कुठं नाहीत, पण मोडत कुणी नाही. पहिला कायदा असा की आपलं हत्यार आपल्या पुढ्यात ठेवायचं. रंगाऱ्याच्या पुढं बादली आणि तीत उभा केलेला ब्रश. नळवाल्याच्या पुढं पाना. गिलावा करणाऱ्या मिस्त्रीच्या पुढं थापी, आडवी, मूठ स्वतःकडं आणि पातं रस्त्याकडं. म्हणजे गाडीतून उतरणाऱ्यानं 'तुला काय येतं' असं विचारायचं कारण नाही. हत्यार बाहेर असेल तर माणूस मोकळा आहे. हत्यार पिशवीत गेलं तर तो ठरला, त्याच्याशी पुन्हा बोलायचं नाही. दुसरा कायदा म्हणजे, ठेकेदारानं फक्त मिस्त्री निवडायचा. त्याच्या हाताखालचा बिगारी, म्हणजे माल कालवणारा, घमेली वर देणारा, तो मिस्त्री स्वतः निवडतो. 'चल रे,' एवढंच म्हणतो.

आणि बायका? त्या घमेलं उपडं टाकून त्यावर बसतात. त्यांच्या पुढ्यात काही नसतं. त्यांना बिगारी म्हणूनच नेतात, मिस्त्रीनं निवडायचीही वाट न पाहता, तेव्हा विचारायचं काय त्यात.

माझा मोठा भाऊ पुंजाराम, आमचा दादा, या नाक्यावरचा जुना मिस्त्री. आम्ही मूळचे वैजापूरकडचे, मेंढरांवाले. आबा मेंढरं घेऊन कुठं कुठं फिरायचे. दादानं मेंढरं सोडून थापी धरली आणि मी मेंढरं सोडून शाळेत क्लार्कची खुर्ची धरली. दोघांत उपयोगी कोण हे विचारायची गरज नाही. माझ्या हातानं भिंतीत ठोकलेला एकुलता एक खिळा आमच्याकडं पाहुण्यांना दाखवतात. तो खिळा आत गेला नाही, बाजूचा पोपडा मात्र बशीएवढा निघाला.

वहिनीचं नाव सोजरबाई. लग्न झाल्यापासून ती दादाची बिगारी. दादा हा फार गोड माणूस आहे, पण त्याला तंबाखू मळताना बोलायची सवय आहे आणि बोलताना तंबाखू मळायची. या दोन सवयी एकमेकींना सोडत नाहीत. त्यामुळं दादा बांबूच्या परांचीवरून उतरला की वहिनी वर चढायची आणि अर्धी भिंत करून ठेवायची. आधी अर्धी. मग पाऊण. मग असं होऊ लागलं की दादा सकाळी भिंतीला नमस्कार करायचा आणि संध्याकाळी भिंतीचा निरोप घ्यायचा. दादा हे कुणापासून लपवायचा नाही. "आमच्या मंडळीचा हात लई गोड," असं तो घरमालकालासुद्धा सांगायचा. मालक हसायचे. त्यांना वाटायचं, मिस्त्री बायकोचं कौतुक करतोय, स्वयंपाकाबद्दल बोलत असेल.

घर पूर्ण झालं की वास्तुशांतीला मालक कामगारांना मान देतो. मिस्त्रीला नारळ आणि टॉवेल-टोपी. बिगारी बाईला खण. वहिनीकडं खणांची एक अख्खी ट्रंक होती. एका गुढीपाडव्याच्या सुमारास तिनं ती ट्रंक आमच्या ओट्यावर आणून उघडली. हिरवे, जांभळे, मोरपंखी. माझी बायको सुनीता म्हणाली, "अगंबाई, दुकान टाकताय का?"

"टाकू की," वहिनी म्हणाली. "येवढ्या भिती मी केल्या, त्येची ही पावती. ह्यांची टोप्यांची पेटी येगळीच हाय. ह्यांचं डोकं एक अन् टोप्या पन्नास."

दादा म्हणाला, "मंग घाल की एक टोपी तू."

"घालीन," वहिनी म्हणाली. "पन मिळवून घालीन. तुमची उसनी नाय."

दुसऱ्या दिवशी ती शहागंजात गेली आणि स्वतःसाठी थापी घेऊन आली. घासाघीस करून नव्हे, हातात तोलून तोलून. दुकानदार कंटाळला म्हणे. आमची आई तेव्हा ओट्यावर बसली होती. तिच्या नजरेला तेव्हाच भिंत आणि दार यांतला फरक कळेनासा झाला होता, पण थापी हातात घेऊन तिनं पात्यावरून बोट फिरवलं. मी म्हणालो, "आई, वहिनी नाक्यावर मिस्त्री म्हणून बसणार म्हणते."

"बसू दे की."

"लोकं हसतील."

"मी तुह्या आबासंगं मेंढरं हाकली," आई म्हणाली. "आंधारात लांडगा यायचा. त्यो काय बाई कोन, बाप्या कोन आसं इचारून येत व्हता का? तवा कुनी हसलं नाय. आता भितीला कामून हसतेत?"

मी थापी तिच्या हातातून घेऊन वहिनीला परत दिली.

वहिनीनं तेव्हाच सांगून टाकलं होतं. मिरग लागेपर्यंत, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत, ती रोज थापी पुढं ठेवणार. कुणी मिस्त्री म्हणून नेलं तर ठीक. नाहीच नेलं, तर घमेलंही आयुष्यात पुन्हा उचलणार नाही. वैजापूरकडं तिच्या भावाची मेंढरं आहेत, त्यांच्यामागं निघून जाणार. हे ती चिडून म्हणाली नाही, भाजी निवडताना म्हणाली, म्हणून आम्ही सगळे घाबरलो. दादा तर त्या दिवशी तंबाखू मळायचंच विसरला. वहिनी निघून गेली तर त्याचं काय होणार हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

मला हे सांगायला अजिबात संकोच नाही की मी तत्काळ एक युक्ती काढली आणि ती तत्काळ फसली. आमच्या घरावर एक खोली चढवायचं काम चाललं होतं. भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा व्हायचा होता. मी वहिनीला म्हणालो, "वहिनी, आमची खोली तुम्ही करा. मिस्त्री म्हणून. मी सगळ्या नाक्याला सांगतो."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी बसल्या जागी लहान झालो.

"भावजी, घरचं काम म्हंजी घरचं काम. उद्या नाक्यावर लोकं म्हनतील, दिरानं दिली भित लाडानं. मला लाड नको. मला अनोळखी मानसानं न्यायला पायजे."

मग मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, ठीक आहे. वहिनीला कुणी मिस्त्री म्हणून नेत नाही, तोवर माझ्या खोलीत दुसरा मिस्त्री पाऊल टाकणार नाही. उघड्या विटा राहू देत. ही माझी आयुष्यातली एकमेव प्रतिज्ञा, आणि तिचा त्रास दुसऱ्यालाच झाला. सुनीता म्हणाली, "तुमच्या सत्याग्रहात माझं कपाट विटांना टेकून उभं आहे. साड्यांना लाल भुकटी लागते. पण मोडू नका. मोडलात तर मी बोलणार नाही." अशी ही बाई.

तर तो उन्हाळा. शाळेला सुट्टी होती, मुख्याध्यापक गावाला, आणि मी रोज सकाळी स्कूटर घेऊन नाक्यावर. काय मदत करायचो? काही नाही. टपरीवर चहा प्यायचो आणि पाठिंबा द्यायचो. मला पाहून गाडीवाले थबकायचे. एकानं माझ्या हातातल्या डब्याच्या पिशवीकडं पाहून विचारलं, "इलेक्ट्रिकचं का?" मी म्हणालो, "नाही, क्लार्क आहे." तो म्हणाला, "मग राहू द्या." त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की पुढ्यात काहीच नसणं म्हणजे काय असतं.

सकाळचं ऊन तिथं फार लवकर कडक व्हायचं. डांबराचा वास, चहाच्या उकळीचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा वास. गुलमोहराच्या पाकळ्या थापीच्या पात्यावर पडायच्या आणि वहिनी त्या फुंकून टाकायची. गाड्या यायच्या. काच खाली व्हायची. मी लहानपणी आबांबरोबर बाजाराला जायचो तेव्हा व्यापारी मेंढराच्या पाठीवर हात दाबून बघायचा, तसे हे लोक नजरेनं दाबून बघायचे. खांदे, मनगटं, वय. आणि वहिनीपाशी आले की नजर थापीवरून सरळ घसरून मागच्या घमेल्यावर जायची. थापी जणू तिथं नव्हतीच.

"ए बाई, येती का? दोन मजले वाळू चढवायची."

"मिस्त्रीकाम हाय का?"

"आहे की. मिस्त्री आहे आमच्याकडं."

"मंग न्हाई."

"अगं, रोज चांगला देतो."

"थापी दिसती का तुमाला?"

"कुणाची आहे?"

हा प्रश्न तर रोजचा. कुणाची आहे! जणू कुणीतरी सांभाळायला दिली आहे. वहिनी म्हणायची, "माही." आणि काच वर जायची.

नाक्यावरचे तर काय, त्यांना रोजची करमणूक मिळाली होती. कचरू मिस्त्री म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते लांबून ओरडायचे, "सोजरबाई, ती थापी भाकरी उलथायची नव्हं!"

"ठावं हाय मामा. माही भाकर गोल येती अन् भित सरळ येती. तुमची दोन्ही बिघडली, म्हून इथं बसलाव."

सगळा नाका हसायचा, मामा सुद्धा. अंबादास नावाचा एक उंच बिगारी होता, तो सगळ्यात जास्त हसायचा, गुडघ्यावर हात मारून मारून. हसण्यानं वहिनीचं काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते दिवसांमुळं. वैशाख सरत आला. वाऱ्याची दिशा बदलली, दुपारी धुळीचे लोट उठू लागले. दादा संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसायचा आणि तंबाखूची डबी नुसती हातात फिरवायचा. एकदा फक्त म्हणाला, "ती कपडे भरायलीय रे." ट्रंकेतले खण तिनं सुनीताला देऊन टाकले होते आणि ट्रंक रिकामी केली होती.

मला विचाराल तर माणसाच्या कामाला नाव असावं की नसावं, यावर मी बरंच काही ऐकलं आहे. कुणी म्हणतं, पैसे तर मिळत होते ना? कुणी म्हणतं, घरात कळत होतं ना? कळत होतं. पण भिंत रस्त्यावर उभी असते, घरात नसते. ज्यानं ती उभी केली त्याला रस्त्यावर हाक मारायला काय जातं? उगाच शहाणपण सांगणाऱ्यांनी एकदा उपड्या घमेल्यावर बसून पाहावं. मी बसून पाहिलं आहे. चटका बसतो.

मग तो दिवस आला. लग्नाची दाट तिथी होती. मामांच्या घरचंच लग्न होतं सिल्लोडकडं, त्यामुळं निम्मा नाका वऱ्हाडात. मिस्त्री म्हणावे असे राहिले होते दादा आणि वहिनी. अंबादास आणि आणखी काही बिगारी सावलीला बसलेले. तेवढ्यात हमीदभाईंचा छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. हमीदभाई म्हणजे ठेकेदार, मोठ्या आवाजाचे आणि लहान उंचीचे. ते उडी मारूनच उतरले.

"पुंजाराम! चल जल्दी चल. माल कालवून ठेवेला है, अन् मेरा मिस्त्री वऱ्हाड में भाग गया. फोन भी उठा नै रा."

कालवलेला माल म्हणजे सिमेंट आणि वाळू. उन्हाळ्यात तो थांबत नाही. वाळला की फेकायचा. हे नाक्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि हमीदभाईंना सगळ्यात जास्त.

दादानं त्यांच्याकडं पाहिलं. मग शांतपणे स्वतःची थापी उचलली, पुसली, पिशवीत टाकली आणि पिशवीचे बंद ओढले.

"ये क्या करा?"

"माही थापी पिशवीत हाय, हमीदभाई. जिची भाईर हाय तिला इचारा."

माझा हा भाऊ. आयुष्यभर मी त्याला गप्पिष्ट आणि आळशी समजत आलो. त्या दिवसापासून गप्पिष्ट आणि आळशीच समजतो, पण मान खाली घालून.

हमीदभाईंनी वहिनीकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच कुणाची तरी नजर थापीवर थांबली. अडकली म्हणा हवं तर.

"इसकू काम आता क्या?"

"ती समोर हाय, तिलाच इचारा की," दादा म्हणाला.

"गिलावा आता तुमकू, भाभी?"

"भाभी घरी," वहिनी म्हणाली. "इथं मिस्त्री. मिस्त्रीचा रोज, मिस्त्रीचा चहा, अन् बिगारी मी निवडनार."

हमीदभाईंनी आकाशाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, मग बहुतेक मनातल्या मनात त्या वाळणाऱ्या मालाकडं पाहिलं. "हौ," ते म्हणाले. "हौ, चलो."

दादा लगबगीनं उठला. घमेलं उचलायलाच निघाला होता तो. चेहऱ्यावर असा आनंद की त्याचंच लग्न आहे. वहिनीनं हात आडवा केला.

"तुमी न्हाई."

"आगं पन..."

"तुमी आलात तं भित तुमची व्हईल. बसा इथं." आणि ती वळली. सावलीतल्या रांगेवरून तिची नजर फिरली, सावकाश, कुणालाही न दाबता. "अंबादास. चल रे."

अंबादास हसणार होता, पण कुणीच हसलं नाही, म्हणून त्याचं हसू तोंडातच राहिलं. "बाईच्या हाताखाली?" तो पुटपुटला.

"हाताखाली न्हाई, परांचीखाली. वर मी, खाली तू. माल पातळ दिला तं आंगावर टाकीन. चल."

तो गेला. टेम्पोच्या मागं दोघं उभे, मध्ये घमेलं. बाकीचे बिगारी सावलीतच राहिले, रस्त्याच्या कडेला आम्ही दोघे भाऊच उरलो आणि दादानं थापी पुन्हा बाहेर ठेवली. एक गाडी आली, तिच्यातल्या माणसानं दादाला विचारलं, "मिस्त्री, आणि हे तुमचे बिगारी का?" दादानं मला आपादमस्तक पाहिलं. म्हणाला, "ह्येला काय येत नाय."

संध्याकाळी मी स्कूटरवर आमच्या शहरातल्याच सातारा परिसरात त्या साइटवर गेलो. घर नवं, खोल्यांमध्ये आवाज घुमत होता. वहिनी पायऱ्यांवर बसून पाणी पीत होती, भुवयांवर सिमेंट. अंबादास तिच्या थापीचं पातं धूत होता. न सांगता धूत होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. हमीदभाई भिंतीला ओळंबा लावून ती सरळ आहे का ते पाहत होते. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, मान वाकडी केली. मला वाटलं आता काहीतरी कौतुक करतील. ते ठेकेदार होते. ते म्हणाले, "कोपरे में थोडा और घासना मंगता."

"उद्या घासते. वलं हाय अजून."

"तो कल सीधा इधरीच आ जाव. नाके पे काय को टाइम खराब करते?"

यात खरं तर सगळं आलं होतं. उद्याचं काम पक्कं. मी तर मनातल्या मनात माझ्या खोलीतल्या उघड्या विटांना खुशखबर देऊनही टाकली. पण वहिनी उठून उभी राहिली.

"न्हाई. उद्या तुमी नाक्यावर या."

"काय को? काम तो ठरा ना!"

"आज माल वाळत व्हता म्हून नेलं तुमी. उद्या माल कालवायच्या आधी या. लग्नावरून सगळे आलेले आसतील. त्येंच्यापुढं इचारा, अन् मंग न्या."

"और मैं नै आया तो?"

"तं मी थापी घिऊन मेंढराकडं जाते. मेंढराला भित लागत नाय, अन् मला खोटा मान लागत नाय."

परत येताना स्कूटरवर मी फार चिडलो होतो. हातात आलेला घास कुणी असा टाकतं का? मागं बसलेली वहिनी म्हणाली, "भावजी, खड्डा." मी खड्ड्यातून गेलो.

आता हे लिहिताना खिडकीतून गल्लीतला तो वाळूचा ढीग दिसतो आहे. आजही नाक्यावर गाड्या थांबतात, काच खाली होते आणि वहिनीला कुणीतरी घमेल्यासाठी विचारतंच. शहर वाढलं, पूल झाले, रस्ते नवे झाले, पण ती नजर अजून तिथंच घसरते. टॉवेल-टोपीही तिला अजून कुणी दिलेली नाही. खणच देतात. ती घेते, म्हणते "टोपी राह्यली," आणि मालकाला तसंच अवघडून उभं ठेवून निघून येते. कुणाला वाटेल हा आगाऊपणा आहे. असू दे. पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी नाका गच्च होता. वऱ्हाडी परतले होते, मामांच्या कपाळावर अजून कुंकू होतं. वहिनी आपल्या जागी, थापी पुढं, पातं रस्त्याकडं. अंबादास तिच्यापासून जरा लांब उभा होता. त्यानं काल काय झालं ते कुणाला सांगितलं नसावं. मी टपरीवर, हातातला चहा गार झालेला. दादा तंबाखू मळत होता, पण खात नव्हता. बराच वेळ कुणी आलं नाही. मग वळणावर तो छोटा हत्ती दिसला.

हमीदभाई उतरले नाहीत. खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि ओरडले, "ओ मिस्त्री!"

नाक्यावरच्या झाडून सगळ्या माना वळल्या. मामांची, दादाची, रंगाऱ्यांचीसुद्धा. वहिनीची वळली नाही. ती बशीत चहा ओतत होती.

"कोनता मिस्त्री?" ती म्हणाली. बशीकडं पाहूनच.

हमीदभाई थांबले. सगळे त्यांच्याकडं पाहत होते, आणि मागं रिक्षावाला हॉर्न मारत होता. त्यांनी एकदा टोपी काढून डोकं खाजवलं, टोपी परत घातली, आणि मग त्या मोठ्या आवाजात, चौकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले,

"सोजर मिस्त्री! चलो, कोपरा बाकी है!"

वहिनीनं आधी चहा संपवला.